भिंतीला कान असतात
(प्रस्तावना)

हिंगोली जिल्ह्यात हृदयविकाराची चौकशी ठरलेल्या पद्धतीने होते. किती निघाले? किती टक्के? स्प्रिंगा किती टाकल्या? बसस्थानकापासून हळदीच्या मार्केट यार्डापर्यंत कुठेही कान द्या, ‘पाहुण्याला तीन ब्लॉकेज निघाले, दोन स्प्रिंगा टाकल्या, एक गोळ्यांवर सोडला’ हे वाक्य या ना त्या रूपात ऐकू येतं. आकडे सगळ्यांना पाठ. पाहुण्याला रोज कोणती गोळी घ्यायची आहे, असं विचारलं की मात्र फाइल शोधायची पाळी येते.

या बोलण्यामागे एक चित्र आहे आणि ते थेट शेतातून आलं आहे. ठिबकच्या नळीत क्षार साचतात, ड्रिपर बंद पडतात. मग ॲसिड सोडायचं, लॅटरलचं टोक उघडून घाण पाणी वाहू द्यायचं, की नळी मोकळी. वसमत-कळमनुरीकडे हळद लावणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीचंही असंच असणार, असं त्याला वाटलं तर त्यात नवल काय? नांदेडला कॅथलॅबबाहेर नातेवाइकांना पडद्यावर जे दाखवतात तेही या चित्राला धरूनच असतं. काळ्या फांद्या पसरत जातात, एका जागी फांदी चिमटल्यागत होते, डॉक्टर तिथे बोट ठेवतात. स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, फुगवली की तीच फांदी भरून दिसते. डोळ्यांदेखत झालेलं खोटं कसं म्हणायचं?

ते खोटं नाही, अर्धवट आहे. पण या अर्धवटपणापायी माणसं जातात, म्हणून त्याच्याशी भांडावं लागतं. ‘चाळीस टक्केच आहे’ म्हणून एक जण निर्धास्त राहतो आणि तंबाखू चालू ठेवतो. दुसरा, ‘नस साफ झाली’ म्हणून चार-सहा महिन्यांत गोळ्या बंद करतो, कारण साफ झालेल्या नळीला रोज औषध कशाला? तिसरा ब्लॉकेज विरघळवणारा काढा विकत आणतो. तिघांच्याही डोक्यात नळीच आहे, आणि नळी म्हटली की तिघांचंही वागणं तर्काला धरून आहे. म्हणून उपदेश करून भागत नाही. चित्रच बदलावं लागतं. हे पुस्तक त्यासाठी आहे.

रक्तवाहिनीची भिंत जिवंत आहे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एखाद्या मायक्रॉनच्या जाडीचा. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण अस्तर म्हणू. त्याच्याखाली स्नायुपेशी आणि तंतू. रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि हे अस्तर यांच्यात जन्मभर निरोपांची देवाणघेवाण चालू असते. धमनीकाठिण्य, म्हणजे अथेरोस्क्लेरोसिस, हा त्या देवाणघेवाणीत बिघाड होऊन झालेला आजार आहे. चरबी त्यात आहेच. चरबीवाचून गोष्ट सुरू होत नाही. पण गोष्ट पुढे नेतात त्या पेशी.

हे सगळं मराठीत, तेही जिल्ह्याच्या ठिकाणी बसून सांगायची गरज काय, असं कुणी म्हणेल. औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो प्रकल्प येणार म्हटल्यापासून ‘गुरुत्वीय लहरी’ हे शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवर ऐकू येतात. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि कृष्णविवरांची टक्कर हे प्रकरण लोक आवडीने ऐकून घेतात. मग स्वतःच्या छातीतली गोष्ट त्यांना झेपणार नाही, हे डॉक्टरांनी परस्पर कसं ठरवलं? ‘पेशंटला एवढं कशाला सांगायचं’ ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. तिला विनय म्हणता येत नाही, आळसच म्हणावं लागेल.

आधी अँजिओग्राफीबद्दल. तिच्यात दिसते ती रक्त वाहण्याची मोकळी जागा. भिंत दिसत नाही. १९८७ मध्ये सेमूर ग्लागॉव्ह यांनी शिकागोत मृत व्यक्तींच्या हृदयधमन्या कापून मोजल्या. भिंतीत गाठ वाढू लागली की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट तेवढीच ठेवते, असं त्यांना आढळलं. धमनीच्या जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा गाठीने घेतली, तेव्हा कुठे वाट अरुंद व्हायला लागते. म्हणजे पडद्यावर फांदी गुळगुळीत दिसत असताना भिंतीत बरंच काही घडून गेलेलं असू शकतं. या गाठीला प्लाक म्हणतात. हृदयविकाराच्या झटक्यांपैकी पुष्कळसे अशाच प्लाकमुळे येतात, ज्याने आदल्या दिवसापर्यंत वाट फारशी अडवलेली नव्हती. तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. ‘काल तर शेतात काम करत होता’ असं घरचे म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नसते.

या आजारात दाह आहे, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा त्यात गुंतलेली आहे, हे रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकातच मांडलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या महाधमनीत माणसासारखे डाग उठवून दाखवले. त्या डागांत पांढऱ्या पेशी भरलेल्या आहेत हेही त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. पण जगाने त्यातलं कोलेस्टेरॉल तेवढं उचललं. कोलेस्टेरॉलच्या वाटेने स्टॅटिनसारखं औषध मिळालं, ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं, लाखो जीव वाचले. त्या वाटेला नावं ठेवायचं काही कारण नाही. फक्त तिच्या नादात भिंत मुकी समजली गेली.

भिंत बोलते, हे कळलं ते एका घोटाळ्यातून, आणि ती हकिगत सविस्तर सांगण्यासारखी आहे. रॉबर्ट फर्चगॉट न्यूयॉर्कमध्ये सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधं टाकून त्या आवळतात की सैलावतात हे वर्षानुवर्षं मोजत होते. ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन जिवंत प्राण्यात रक्तवाहिन्या सैल करतं, पण त्यांच्या पट्ट्या मात्र आवळत. हे कोडं जुनं होतं. १९७८ मध्ये त्यांच्या सहायकाने प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम चुकवला आणि त्या दिवशी पट्टी सैलावली. फर्चगॉट यांनी सहायकाला बोल लावला नाही. कारण शोधत बसले. सापडलं ते असं: पट्टी कापताना, हाताळताना तिची आतली बाजू घासली जात होती आणि अस्तर निघून जात होतं. अस्तर शाबूत राहिलं की पट्टी सैलावायची, खरवडलं की आवळायची. म्हणजे स्नायूला ‘सैल हो’ सांगणारं कुणी होतं आणि ते त्या एका पातळ थरात राहत होतं. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे उलगडलं आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. हाच वायू पांढऱ्या पेशींना अस्तराला चिकटू देत नाही. निरोगी अस्तर रात्रंदिवस तो सोडत असतं, आणि ‘इकडे काही काम नाही, पुढे चला’ असा त्याचा अर्थ.

अस्तराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवण्याची युक्ती १९७० च्या दशकातच साधली होती. त्या मिळाल्या नाळेतून. बाळंतपणानंतर फेकून दिल्या जाणाऱ्या नाळेतल्या शिरेच्या आतून या पेशी सोडवून घ्यायच्या, असं तंत्र १९७३ च्या सुमारास अमेरिकेत बसलं. आपल्याकडे नाळ पुरतात. तिकडे तिच्यावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. बशीतल्या या पेशींवर दाहाची रसायनं टाकली की त्यांच्या पृष्ठभागावर नवी प्रथिनं उगवतात आणि पांढऱ्या पेशी येऊन त्यांना चिकटतात, हे दिसू लागलं. १९९१ मध्ये मायरन सिबुल्स्की आणि मायकेल गिंब्रोन यांनी दाखवून दिलं की कोलेस्टेरॉल चारलेल्या सशाच्या महाधमनीत असंच एक प्रथिन, व्हीकॅम-१, नेमकं त्याच जागी उगवतं जिथे पुढे डाग पडतात.

आता ही बोलाचाली जवळून पाहू, कारण पुस्तकाचा गाभा हाच आहे आणि इथेच वाचकाने जरा थांबावं असं मला वाटतं.

धमनी जिथे सरळ जाते तिथे रक्त सुरळीत वाहतं आणि अस्तराच्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीत बसतात. त्या जागा सहसा निरोगी राहतात. जिथे फाटा फुटतो, जिथे वळण आहे, तिथे रक्ताला भोवरे पडतात. पेशी कशाही बसतात, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. गळ्यातल्या धमनीचा फाटा आणि हृदयाच्या डाव्या धमनीची सुरुवात या अशाच जागा. तिथे रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण अस्तरातून आत झिरपतात आणि खालच्या तंतूंत अडकतात. अडकलेला कण हवा लागलेल्या तेलासारखा खवट होतो. शास्त्राच्या भाषेत त्याचं ऑक्सिडीकरण होतं. अस्तराला हे कळतं आणि ते आपली पाटी बदलतं. आधी सिलेक्टिन नावाची प्रथिनं पृष्ठभागावर येतात. ती वेगाने जाणाऱ्या मोनोसाइटला, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशीला, पकडतात, पण ढिली. पकड सुटते, पुन्हा बसते, पुन्हा सुटते, आणि पेशी अस्तरावरून गडगडत जाते. गडगडताना तिला अस्तराने पसरून ठेवलेली एमसीपी-१ सारखी रसायनं लागतात. तिच्या अंगावर त्यांच्यासाठी ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. तो निरोप पोचताक्षणी मोनोसाइटच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन आपला आकार बदलतं आणि व्हीकॅम-१ ला घट्ट धरतं. पेशी थांबते. चपटी होते, सरपटत दोन अस्तर-पेशींमधली फट शोधते आणि आत उतरते.

इथपर्यंत यात चुकीचं काही नाही. पायात काटा मोडला तरी हेच होतं आणि व्हायलाच हवं. तिथे काम झालं की पेशी पांगतात. धमनीच्या भिंतीत काम संपत नाही, कारण एलडीएल येतच राहतं. आत उतरलेला मोनोसाइट भिंतीतल्या पेशींच्याच सांगण्यावरून मॅक्रोफेज बनतो आणि खवट कण खायला लागतो. साध्या एलडीएलसाठी पेशींना पुरे म्हणायची सोय असते. पोट भरलं की ग्राहक कमी होतात. खवट एलडीएल ज्या दाराने आत येतं त्याला ही सोय नाही. मॅक्रोफेज खात राहतो, फुगतो, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसू लागतो. त्याच्या पोटात कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात. त्या टोचण्याने पेशीतली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा जागी होते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे रसायन बाहेर पडतं. ते जातं कुठे? पुन्हा अस्तराकडे. अस्तर आणखी व्हीकॅम उगवतं, आणखी मोनोसाइट बोलावतं. बोलावणाऱ्याने पाहुण्याला आणलं, पाहुण्याने आणखी बोलवायला लावलं. हा फेरा आपला आपण फिरू लागतो. काही संदेश रक्तातून यकृतापर्यंत जातात आणि यकृत सीआरपी बनवतं. तपासणीच्या कागदावर ‘एचएस-सीआरपी’ म्हणून जो आकडा येतो तो या लांबच्या कुजबुजीचा पडसाद.

मग टी-पेशी, पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, येतात. त्यांच्या अंगावरचं सीडी-४० लिगँड मॅक्रोफेजला, अस्तराला, स्नायुपेशीलाही चेतवतं. त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि स्नायुपेशींना कोलॅजन कमी बनवायला लावतात. हे फार महत्त्वाचं आहे. कारण प्लाकवर कोलॅजनची एक टोपी असते आणि आतल्या गाळाला रक्तापासून तीच दूर ठेवते. एकीकडे नवं कोलॅजन बनत नाही, दुसरीकडे मॅक्रोफेजची विकरं असलेलं पचवतात. मेलेल्या पेशी उचलणारं कुणी उरत नाही म्हणून गाभा कुजतो. टोपी ६५ मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण पंधराव्या भागाहून पातळ झाली की विकृतिशास्त्रज्ञ तिला धोक्याची म्हणतात. टक्के मोजणाऱ्या पडद्यावर ही जाडी येत नाही.

टी-पेशींतल्याच काही जणी मिटवामिटवीचं काम करतात, त्या शांतवणारी रसायनं सोडतात. स्नायुपेशी टोपी दुरुस्त करायला धावतात. त्यांतल्याच काही वेळ पडली तर मॅक्रोफेजचं सोंग घेतात, मग कोण घरचा आणि कोण बाहेरचा हे ओळखणंही अवघड होतं. या क्षेत्रात आज सर्वांत चुरशीचं काम इथेच चाललं आहे आणि या पुस्तकाच्या लेखिकेने त्यावरच सर्वांत जास्त पानं खर्च केली, हे मला योग्य वाटतं.

हे सगळं सशात आणि बशीत ठीक. माणसात दाह कमी केला तर झटका टळतो का? बराच काळ याला उत्तर नव्हतं. २०१७ मध्ये पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कँटोस या चाचणीचे निष्कर्ष दिले. आधी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी चढलेले १०,०६१ रुग्ण. काहींना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, काहींना नुसतं पाणी. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्के घटले. एलडीएलला धक्काही लागला नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या फिर्खोचं म्हणणं त्या दिवशी माणसात सिद्ध झालं. पण जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले, औषध महागडं होतं, आणि हृदयविकारासाठी त्याला मंजुरी मिळाली नाही. पाठोपाठ त्याच गटाने मेथोट्रेक्सेट हे स्वस्त दाहशामक वापरून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. कोणता निरोप अडवायचा हे कळल्याशिवाय नुसता ‘दाह कमी करा’ म्हणण्यात अर्थ नाही, हा त्यातला धडा. बाजारात ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ लिहिलेल्या डब्या विकणाऱ्यांना तो अजून पोचलेला नाही.

त्यानंतर एक जुनं औषध पुढे आलं आणि त्याचा आपल्या बांधाशी संबंध आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या मागे वळलेल्या पाकळ्यांची कळलावी आपल्याकडे कुणाला माहीत नाही? तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. वातरक्तावर डॉक्टर ते पूर्वीपासून देतात. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिल्यावर झटका येऊन गेलेल्या रुग्णांत पुढचे हृदयरोगाचे प्रसंग २३ टक्के कमी झाले, असं २०१९ मध्ये कोलकॉट या चाचणीत दिसलं. स्थिर रुग्णांवरच्या २०२० च्या चाचणीत ही घट ३१ टक्के होती. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला हृदयविकारासाठी मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी सात हजारांवर रुग्णांच्या आणखी एका चाचणीत फायदा दिसला नाही. वाद चालू आहे आणि तो चालू असलेलाच बरा. एक मात्र वादाबाहेर आहे: कळलावीचा कंद जहर आहे, त्याने माणसं मरतात. गोळीतला अर्धा मिलिग्रॅम आणि बांधावरचा कंद यांची सांगड कुणी घालू नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती गोळीसुद्धा घातक ठरते.

हळदीचं काय, हा प्रश्न या जिल्ह्यात टाळून चालणार नाही. वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आहे, हिंगोलीच्या यार्डात हंगामात वाहनांची रांग लागते, आणि कर्क्युमिन हृदयाला चांगलं हे इथे शाळकरी पोरही सांगेल. बशीतल्या अस्तर-पेशींवर कर्क्युमिन टाकलं की व्हीकॅम उगवणं कमी होतं, हे खरं आहे. तसे प्रयोग पुष्कळ झाले. पण हळकुंडात कर्क्युमिन साधारण तीन टक्के, त्यातलं आतड्यातून रक्तात जाणारं फार थोडं, आणि जे जातं ते लवकर मोडतं. कर्क्युमिनने झटके टळतात असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. २०१७ मध्ये काही अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरच्या साऱ्या कामाचा आढावा घेतला आणि औषध म्हणून त्याच्या बाजूने पडेल असा कौल त्यांना सापडला नाही. मिरीच्या अर्कासोबतच्या जबर मात्रेच्या कॅप्सूल तर यकृताला बाधल्याच्या नोंदी आहेत. आमटीत हळद घालावी, यार्डात तिला भाव मिळावा, जखमेवर आजीने लावली तर लावू द्यावी. स्टॅटिनच्या जागी ती घेऊ नये. हळदीच्या जिल्ह्यात बसून हे लिहिणं सोपं नाही, पण हळदवाल्याचंच हृदय पणाला लागलेलं असताना भिडस्तपणा परवडत नाही.

आणि आमच्याकडचा दुसरा हमखास प्रश्न: माणूस काटक, पोटाला चिमटा घेऊन राबणारा, त्याला कसा झटका येतो? याचं उत्तर शोधण्यात दोन मराठी शहरांचा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती. तुटवडा होता तो स्नायूंचा. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. ही चरबी पोटाच्या आत असली की गप्प बसत नाही. तिच्यातही मॅक्रोफेज शिरतात आणि त्यांचे निरोप रक्तातून धमन्यांच्या अस्तरापर्यंत जातात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी यांनी २००७ मध्ये ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातून दाखवलं की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र जवळजवळ ५९ व्या. सहा वर्षांचं हे अंतर बहुतांशी तंबाखू, मधुमेह, रक्तातली चरबी, रक्तदाब, व्यायामाचा अभाव अशा कारणांनीच भरून निघतं, वेगळ्या कुठल्या गूढाची गरज पडत नाही, असंही त्यांनी दाखवलं.

त्या कारणांत तंबाखू चघळणं आहे. त्याच अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. ‘मी बिडी ओढत नाही, चुना लावून खातो’ या सबबीला म्हणून अर्थ नाही, आणि बायकांच्या मिसरीलाही नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती आहे हे बसस्थानकाच्या भिंती सांगतात.

साध्या तापाचाही या भिंतीशी संबंध येतो. इन्फ्लुएन्झा झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याची शक्यता सहापट होते, असं कॅनडात २०१८ मध्ये मोजलं गेलं. विषाणूशी लढायला उठवलेल्या फौजेचा ओरडा प्लाकमधल्या पेशींनाही ऐकू जातो. झटका येऊन गेलेल्यांना फ्लूची लस दिल्याने वर्षभरातले मृत्यू कमी होतात हे पुढे चाचणीत सिद्ध झालं. आपल्याकडे ती लस मोठ्या माणसाने मागितली तर मेडिकलवाला दोनदा विचारतो.

स्प्रिंगेबद्दल गैरसमज नको. झटका आलेला असताना ती जीव वाचवते. छातीत कळ आली की ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिण्यात घालवलेला एकेक तास हृदयाचा स्नायू घेऊन जातो. तेव्हा १०८ ला फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा, नांदेडचं नंतर बघता येतं. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, तिथले विद्यार्थीही हे पुस्तक चाळतील अशी आशा आहे. पण स्प्रिंग एका जागची वाट उघडते. बाकीच्या धमन्यांतली बोलाचाली तिला ऐकू येत नाही. ती शमवतात रोजच्या गोळ्या: स्टॅटिनने एलडीएल उतरतं, निरोपाला निमित्तच कमी मिळतं, आणि प्लाकवरची टोपी जाड होते. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्प्रिंगेवर गुठळी धरू देत नाही. ती मध्येच सोडली तर स्प्रिंग बंद पडून माणूस दगावू शकतो.

लेखिकेने पेशींची नावं मराठीत ओढूनताणून पाडली नाहीत, रुळलेली तशीच ठेवली, हे बरं केलं. तिसरं प्रकरण जड आहे. दमलात तर ओलांडून चौथ्यावर जा, नंतर परत या. शेवटच्या प्रकरणात गोळ्यांची माहिती आहे, ते मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचा. वाचताना रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या पट्ट्या समोर ठेवा. कार्डावर लिहिलेली एखादी गोळी पट्ट्यांत दिसली नाही, तर ती कुणी आणि का बंद केली ते डॉक्टरांना विचारा. पट्टी नुसतीच संपली असेल, तर आज संध्याकाळी आणा.